तुम्ही व्हा पुढं

सायकलच्या शर्यतीत पुढं जाण्याचे मार्ग जगानं शोधून ठेवलेत. मागं राहण्याचे मार्ग आम्ही बीडकरांनी शोधले, तेही भर पावसाळ्यात, बालाघाटाच्या डोंगरात.

याचं मूळ नियमात आहे. आमच्या शर्यतीत लेखी नियम एकही नाही, तोंडी एकच आहे: जो पहिला येईल त्यानं सगळ्यांना खाऊ घालायचं. हा नियम कुणी काढला हे आता कुणीच कबूल करत नाही. पण या एका वाक्यानं खेळाचं सगळं शास्त्र उलटं करून टाकलं. पहिलं येणं परवडत नाही. शेवटचं येणं शोभत नाही, कारण शेवटच्याला वर्षभर ‘काय, पोचलाव का?’ असं विचारलं जातं, आणि ते नेमकं त्याच्या घरच्यांसमोर. उरतो दुसरा नंबर. त्यात इज्जतही राहते आणि खिसाही. म्हणून शिट्टी वाजली की आम्ही सगळे जीव तोडून दुसरं येण्याच्या मागं लागतो. आता दुसरं यायचं तर कुणीतरी पहिलं यायला हवं, आणि तो ‘कुणीतरी’ शोधण्यात निम्मी शर्यत संपते.

स्पर्धक ठरलेले आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, दिवाणी कोर्टातले वकीलसाहेब, मेडिकल दुकानाचे शेठ, विमा काढणारे भाऊ आणि मी. आमचं वैर फार गोड आहे, कारण ते कडू करणं कुणालाच झेपणारं नाही. गुरुजींचा विमा भाऊंकडं. भाऊंची रक्तदाबाची गोळी शेठकडं, तीही वहीवर. शेठच्या जागेचा दावा वकीलसाहेबांकडं, आणि वकीलसाहेबांचे चिरंजीव गुरुजींच्या वर्गात. मी या साखळीच्या बाहेर आहे असं मला वाटायचं, पण मी चालवतो ती सायकल शेठच्या धाकट्या भावाची आहे. अशा मंडळात कुणाला मोठ्या फरकानं हरवणं म्हणजे आपलंच काहीतरी अडवून घेणं.

डोंगरातल्या सायकलशर्यतीचा जन्म अमेरिकेतला, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतला. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथल्या काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली एका कच्च्या रस्त्याच्या टोकाला नेल्या आणि खाली सोडल्या. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आतलं, उतार सुमारे चारशे मीटरचा. त्या सायकलींना पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक होता. खाली पोचेपर्यंत मागच्या हबातलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि दर फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचंच नाव ‘रिपॅक’ पडलं. त्या टोळक्यातले गॅरी फिशर आणि जो ब्रीझ पुढं सायकली बनवून नावारूपाला आले, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन बसला. म्हणजे कच्च्या रस्त्यापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं. आमच्याकडं १९९५ साली मंजूर झालेली अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे नुसती बीडपर्यंत पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. त्यामुळं वेग ही गोष्ट आम्ही फारशी मनाला लावून घेत नाही.

शर्यतीची तारीख ठरवणं हे मात्र कष्टाचं काम असतं. हा जिल्हा टँकरचा. इथं चिखल दरवर्षी मिळेलच याची हमी नाही. पाऊस कमी झाला तर शर्यत धुळीत होते आणि तिच्यात कुणाला मागं राहण्याचं सबळ कारण सापडत नाही. पाऊस अती झाला तर शर्यतीचं नावही काढवत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात नद्यांनी रानंच्या रानं खरवडून नेली, तेव्हा आमच्या सायकली घरातच होत्या आणि तिथंच बऱ्या होत्या. हवा असतो मधला, बेताचा, पिकाला मानवणारा पाऊस. त्यासाठी गुरुजी पंचांग काढतात. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं: मोर, घोडा, गाढव, उंदीर. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की जुनी माणसं खूश होतात. शेठ एकदा म्हणाले, ‘‘गुरुजी, एखाद्या नक्षत्राचं वाहन सायकल का नसतं?’’ गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘‘पंचांगात पोचणारी वाहनं देतात.’’

जागा ठरलेली आहे. मांजरसुंब्याच्या वर माळावर जमायचं, कपिलधारच्या अंगानं डोंगर धरायचा, मग पाणंदीनं खाली उतरून वळसा घालून पुन्हा हमरस्त्यावरच्या हॉटेलाशी यायचं. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे आणि पावसाळ्यात शेजारचा धबधबा कोसळायला लागला की सगळं बीड तिकडं लोटतं. त्या गर्दीतून हेल्मेट घालून जाणं ही शर्यतीतली पहिली परीक्षा. ‘‘कुठं चाललाव?’’ असा प्रश्न येतो. ‘‘शर्यत आहे’’ म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, ‘‘बळंच?’’ मराठवाड्यातल्या या एका शब्दाला आजपर्यंत कुठल्याही खेळाडूला उत्तर देता आलेलं नाही.

यंदा या मुरलेल्या मंडळात एक नवा माणूस आला. गुरुजींचा भाचा. पुण्यात इंजिनिअरिंगला, सुट्टीला मामाकडं आलेला. मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी, खिशात गोड चिकाच्या पुड्या. त्याच्या सायकलीला पुढं-मागं सस्पेन्शन होतं. आमच्या सायकलींना ते काम आमच्याच गुडघ्यांनी करायचं असतं. पोरगं आल्या आल्या वाकून सगळ्यांच्या पाया पडलं आणि म्हणालं, ‘‘काका, मी जिंकायला आलोय.’’

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. गुरुजी डोंगराकडं पाहत होते. तेवढ्यात उलगडा झाला. गुरुजींनी भाच्याला शर्यत सांगितली होती, नियम सांगितला नव्हता. त्यांनी पहिल्या नंबराचा बंदोबस्त घरूनच करून आणला होता, म्हणजे दुसरा नंबर आता मोकळ्या मनानं लढवता येणार होता. तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाची ही दूरदृष्टी पाहून वकीलसाहेबांनी नुसते हात जोडले.

सुरुवातीचा रस्ता माळावरचा. बालाघाटाचा माथा म्हणजे हलकं, मुरमाड, बरड रान. पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही आणि चाकाला चांगली पकड मिळते. इथं सायकल खरोखर चालते, आणि तीच अडचण आहे, कारण सगळे सुटले तर कुणीतरी पुढं जाणार. म्हणून माळावर आमचा आग्रह सुरू होतो. डबकं दिसलं की वकीलसाहेब बाजूला होतात. ‘‘गुरुजी, तुम्ही व्हा पुढं.’’ ‘‘छे, छे, शेठ, तुम्ही मोठे.’’ ‘‘असं कसं, भाऊ डाव्या बाजूनं येलेत, त्यांना जाऊ द्या.’’ पंगतीत जिलेबी वाढतानासुद्धा आमच्याकडं इतका आग्रह होत नाही. बाहेरच्या माणसाला ही संस्कृती वाटते. खरं तर पुढच्याची सायकल डबक्यात किती बुडते त्यावरून मागच्याला खोली कळते. तोवर भाचा आम्हा सगळ्यांच्या बाजूनं, पाणी उडवत, ‘‘लेफ्ट! लेफ्ट!’’ असं ओरडत निघून गेला. तो डाव्या बाजूनं येतोय की आम्ही डावीकडं व्हायचं, यावर विचार करेपर्यंत सगळ्यांचे कपडे भरले.

मुरूम संपला की खाली काळी माती लागते. गेवराई-माजलगावकडं, गोदेच्या थडीला ती पुरुष-पुरुष खोल आहे. डोंगरातल्या खोलगट रानांतही तिचे पट्टे असतात. दख्खनचा काळा दगड युगानुयुगं झिजून ही माती झाली. तिच्यातली चिकण पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून पाय जाईल एवढ्या भेगा पाडते. पाणी धरून ठेवते म्हणून तर तिच्यात कापूस येतो, तूर येते, रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर उभी राहते. मातीचा हा थोर गुण सायकलला मात्र महाग पडतो. ही माती पाणी सोडत नाही, तशी सायकलही सोडत नाही.

काम टप्प्याटप्प्यानं होतं. आधी टायरच्या खाचा भरतात. मग टायरवर दुसरा टायर चढतो, मातीचा. मग तो चिमट्यात घासायला लागतो. त्यात वाळलेलं गवत मिसळलं की घर बांधायला चालेल असा गारा तयार होतो आणि चाक फिरायचं थांबतं. मागं गिअर बदलणारा तो नाजूक हात असतो, त्याच्या जागी एक गोळा लोंबताना दिसतो. मग माणूस उतरतो. सायकल ढकलू लागतो, तर न फिरणारं चाक नांगराचं काम करतं. शेवटी तिला खांद्यावर घ्यावं लागतं. दुकानदारानं वजनाला हलकी म्हणून महाग विकलेली सायकल आता स्वतःच्या वजनाची माती घेऊन आपल्या मानेवर बसलेली असते, आणि आपल्या चपलांना, म्हणजे बुटांना, वेगळी माती. तीही खांद्यावर घ्यावी असं वाटतं.

भाचा शंभर पावलं पुढं नेमका असाच उभा होता. आम्ही गाठलं तेव्हा तो आम्हाला बेल्जियमचं सांगायला लागला. तिथं हिवाळ्यात मुद्दाम चिखलात शर्यती होतात, सायक्लोक्रॉस म्हणतात. सायकल खांद्यावर घेऊन पळायला परवानगी असते, नव्हे, ते खेळाचंच अंग आहे. प्रत्येक तरबेज खेळाडूच्या दोन-दोन सायकली असतात. एक चिखलली की ठरलेल्या जागी मेकॅनिककडं टाकायची, दुसरी घ्यायची. तो पंपाच्या फवाऱ्यानं पहिली धुऊन पुढच्या फेरीला तयार ठेवतो. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आमच्या एकाच सायकलीचे हप्ते अजून चालूयेत. दुसरी कुठली आणू?’’

बेल्जियमच्या मेकॅनिकचं काम आमच्याकडं काडी करते. चिमट्यातली माती उकरायला बोराटीची किंवा गेल्या सालची पऱ्हाटीची काडी लागते, आणि भिजलेल्या रानात न मोडणारी काडी सापडणं मुश्कील. यंदा ती एकट्या वकीलसाहेबांना सापडली. त्यांनी तिचा ताबा घेतला आणि वहिवाट सुरू केली. शेठनं काडी मागितली, तर दाव्याच्या फीचा विषय निघाला. भाऊंनी मागितली, तर पॉलिसीच्या बारीक अक्षरांचा निघाला. गुरुजींनी मागितल्यावर मात्र ती लगेच मिळाली, कारण चाचणी परीक्षा जवळ आली होती. चिखलात फसलेल्या माणसाचं मन मोठं असतं असं कुणी म्हणालं तर त्यानं काडी कुणाकडं आहे ते आधी बघावं.

मैत्री मात्र खरी होती. शेठनं प्रत्येकाला ओआरएसची पुडी दिली आणि कुणाला किती दिली ते ध्यानात ठेवलं. भाऊंनी गुडघाभर चिखलात उभं राहून पाय मोडल्यास काय मिळतं आणि काय मिळत नाही ते समजावलं. वकीलसाहेबांची चेन दर वळणावर उतरत होती. ते सावलीला बसायचे आणि आम्ही विचारलं की म्हणायचे, ‘‘तुम्ही चला, मी पुढची तारीख घेतलीय.’’ चेन उतरवण्यासाठी ते काडीचाच वापर करत होते असा माझा दाट संशय आहे.

बांधावर एक म्हातारबाबा घोंगडं घेऊन बसले होते. खाली सोयाबीन, पलीकडं तूर, मधल्या पाणंदीत आम्ही. त्यांनी पुष्कळ वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाले, ‘‘पाव्हणं, वापसा यायच्या आदी आम्ही रानात बैलबी घालत न्हाई.’’ यावर आम्ही काय बोलणार? तेच पुढं म्हणाले, ‘‘तुमचं बरंय. माणसं हायेत, भागतंय.’’ शेती करणाऱ्याला ओल कधी ओसरते, माती कधी पायाला चिकटायची थांबते, हे तळव्यातून कळतं. वाफसा आला की तो रानात उतरतो, तोवर बांधावर बसतो. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यानं सायकल न्यावीच लागली तर इथली माणसं आधी मडगार्ड काढून ठेवतात. म्हातारबाबांनी भाच्याची सायकल निरखून पाहिली आणि प्रथमच मान डोलावली. तिला मडगार्ड मुळातच नव्हतं. ‘‘पोराला कळतंय,’’ ते म्हणाले. आमच्या सायकलींना, शोभा म्हणून आणि पँट खराब होऊ नये म्हणून, पुढं-मागं मडगार्ड होतं.

काळं रान संपलं आणि ओढा आला. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण वेग होता. आम्ही थबकलो आणि सवयीनं एकमेकांना पुढं व्हायला सांगू लागलो. भाच्यानं सायकल खांद्यावर टाकली, दोन पावलं मागं घेतली आणि दगडावरून उडी मारून अर्धा ओढा एका झेपेत पार केला. वकीलसाहेब चटकन म्हणाले, ‘‘आष्टीचं पाणी दिसतंय.’’

ही आमच्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी शाबासकी. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जगात धावतो तो खेळच अडथळ्यांचा आहे. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अठ्ठावीस लाकडी अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला आणि सोनं ०.०५ सेकंदानं हुकलं. १९९८ पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचीच असायची. ती परंपरा त्यानं मोडली. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सोनंही आणलं. त्या रौप्याबद्दल आम्हा मंडळींना अपार आदर आहे. आम्ही ज्या दुसऱ्या नंबरासाठी जन्म घालवतो, तो त्यानं पहिल्यासाठी शेवटच्या पावलापर्यंत झगडून घेतला. हा फरक बारीक आहे, पण पुसला जात नाही. भाऊ म्हणाले, ‘‘त्याच्या पाण्याच्या खड्ड्याला तळ पक्का असतो.’’ शेठ म्हणाले, ‘‘आणि खांद्यावर सायकल नसते.’’ एवढं बोलून आम्ही सगळे मिळून, एकमेकांचे हात धरून, ओढ्यात उतरलो. त्या पाण्यात बऱ्याच सायकली धुऊन निघाल्या, आणि एक मडगार्ड वाहून गेलं. ते कुणाचं हे कुणीच सांगितलं नाही. सायकल शेठच्या भावाची आहे.

शेवटचा टप्पा मुरमाचा, चढाचा, आणि वर हमरस्ता. हॉटेल दिसायला लागलं, भजी तळल्याचा वास आला, तशी शर्यतीला खरी धार चढली. पाचच्या पाच जणांना एकाच वेळी दम लागला. कुणाची बाटली खाली पडली, कुणाच्या बुटाची नाडी सुटली. वाटभर न लागलेले ब्रेक इथं करकचून लागत होते. येडी बाभळीचा एक काटा वकीलसाहेबांनी बारकाईनं शोधला आणि त्याच्यावरून सावकाश सायकल नेली. तो मोडका निघाला. भाचा मात्र घड्याळाकडं बघत, दात-ओठ खात चढला आणि हॉटेलासमोरच्या खांबाला हात लावून दोन्ही मुठी वर करून ओरडला. आम्ही इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या की हॉटेलातल्या माणसांना लग्नाची वरात आली असं वाटलं.

आता खरी शर्यत, दुसऱ्या नंबराची, सुरू झाली आणि ती गुरुजींनी जिंकली. त्यांनी वर्षभर राखून ठेवलेली ताकद शेवटच्या वळणावर बाहेर काढली आणि आम्हाला ढुंकूनही न बघता खांब गाठला. मग आम्ही चौघं एका रांगेत आलो, म्हणजे शेवटचा कुणीच नाही असं ठरलं. भज्यांच्या दोन घाण्या झाल्या, मिसळ झाली, चहा झाला, पुन्हा भजी झाली. दुसऱ्याच्या बिलावर भूक किती लागते याचा पावसाळी हवेत अंदाज येत नाही. गुरुजी प्रसन्न होते. खेळात हार-जीत महत्त्वाची नसते, असं ते भाच्याला समजावत होते. तेवढ्यात वाढप्यानं बिल आणलं आणि आम्ही सगळ्यांनी एकमुखानं भाच्याकडं बोट दाखवलं. नियम सांगितला. पोरानं खिसे चाचपले. त्यात दोन चिकाच्या पुड्या होत्या. ‘‘आई म्हणाली, मामाकडं चाललास तर पैसे कशाला?’’

सगळे गुरुजींकडं बघू लागले. गुरुजी बिलाकडं बघू लागले. वकीलसाहेबांनी भजी खाली ठेवली, हात पुसले आणि निकाल दिला, ‘‘भाच्याचा खर्च मामाकडं. याला पुरावा लागत नाही.’’

गुरुजींनी बिल दिलं, पण त्याच ठिकाणी दुरुस्तीही मांडली: पुढच्या सालापासून शर्यतीत भाचे चालणार नाहीत. ठराव एकमतानं मंजूर झाला. शेठचा एक पुतण्या पुण्यात व्यायामशाळेत जातो. शेठनं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘आणि पुतण्या आणला तर? त्याचं बिल काकाकडं का?’’

टेबलावर शांतता पसरली. २०१९ च्या विधानसभेला बीड मतदारसंघात जयदत्त क्षीरसागर आणि संदीप क्षीरसागर हे काका-पुतणे समोरासमोर उभे होते आणि पुतण्या निवडून आला होता. त्याच निवडणुकीत परळीत धनंजय आणि पंकजा मुंडे या चुलत भावंडांची लढत होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि वकीलसाहेबांना कायदाही ठाऊक होता.

‘‘पुतण्याचं सांगता येत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ते आमच्याकडं कोर्टात चालत नाही, मतदानाला टाकावं लागतं.’’